नावे कुणाच्या, जमा कुणाच्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या अंबरपेठेतल्या घरात पाटावर एक वही मांडली जाते. लाल खारव्याच्या बांधणीची, लांबट, दोरीने गुंडाळलेली. घरात दुकान नाही, व्यापार नाही. मी वाणिज्य शाखेचा निवृत्त प्राध्यापक, मुलगा पुण्याला नोकरीत. वही कोरी तर नाहीच, शिवाय ती आमचीही नाही. बेगमबाजारातल्या एका शेठची ती वही, आणि तिच्यातल्या शेवटच्या नोंदीला आता पन्नास वर्षे होत आली. सौभाग्यवती दरवर्षी हळदकुंकू वाहताना विचारतात, "दुसऱ्याचा हिशेब आपण का पुजायचा हो?" मी आजवर उत्तर टाळत आलो. इथे द्यायचे म्हणतो. पण त्यासाठी आधी शिकवण्याच्या एका नव्या तऱ्हेविषयी, आणि त्या तऱ्हेत मी खाल्लेल्या मारांविषयी सांगावे लागेल.

आमचे आप्पा देगलूरकडचे. १९५३ साली पोटापाण्यासाठी ते हैदराबादला आले तेव्हा देगलूर हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे तालुक्याच्या गावाहून राजधानीच्या गावी यावे तसे ते आले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, देगलूर मुंबई राज्यात गेले आणि आप्पा आंध्र प्रदेशात राहिले. "आम्ही कुठंच गेलो नाही, सीमाच आमच्या डोक्यावरून गेली," असे ते म्हणत. या अंकाच्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. घरात मराठी, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू आणि शाळेत इंग्रजी, अशा चार चुलींवर आमचे अन्न शिजले.

आप्पा बेगमबाजारात मुनीम होते. मला त्यांनी जमाखर्च कसा शिकवला ते आठवले की आज नवल वाटते, कारण त्यांनी तो शिकवलाच नाही. रात्री दुकानातून येताना ते खिशातून रद्दी चिठ्ठ्यांचे एक पुडके काढून माझ्यापुढे टाकत. "कीर्द लिहून ठेव." बस्स. मग ते जेवून झोपत. मी कंदिलाशी झटापट करून काहीतरी लिहून ठेवी. सकाळी दात घासता घासता ते पानावर नजर टाकत आणि एकच प्रश्न विचारत: "हा पैसा आला कुठून?" चूक कुठे आहे ते सांगत नसत. त्या एका प्रश्नावर मी शाळेत जाईपर्यंत झुरत असे, आणि बहुधा गोलनाक्यापर्यंत चालत जाताना उत्तर सापडे.

पुढे बी.कॉम., एम.कॉम. झालो, १९८४ साली इथल्याच एका डिग्री कॉलेजात लागलो आणि आप्पांची रीत पार विसरलो. मी व्याख्याने देऊ लागलो. फळा डावीकडून उजवीकडे भरायचा, पुसायचा, परत भरायचा. मुले उतरवून घेत. माझे अक्षर चांगले असल्यामुळे माझे नाव झाले. खोटे कशाला सांगू, व्याख्यानाची एक नशा असते. पन्नास मिनिटे साठ माना आपल्याकडे वळलेल्या असतात, आणि त्या मानांच्या आत काय चालले आहे हे विचारायची आपल्यावर सक्ती नसते.

पहिला धक्का बसला तो रविवारच्या वर्गांत. १९८२ साली हैदराबादेत आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघाले. देशातले ते पहिले मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हेच पुढे १९८५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू झाले. आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यायला १९८९ उजाडावे लागले. हैदराबादच्या विद्यापीठाला १९९१ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही पात्रता-परीक्षा देऊन पदवीला बसता येई. अभ्यासाची पुस्तके घरी जात, आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यास-केंद्रावर शिक्षकाशी भेट होई. मी अशा एका केंद्रावर बरीच वर्षे जात असे. समोर बसत ते अंबरपेठच्या पोलीस लाइनीतले शिपाई, बसचे कंडक्टर, मुलांना शेजारणीकडे ठेवून आलेल्या बायका.

ती पुस्तके मी चाळली तेव्हा प्रथम दिसले की शिकवण्याचा मजकूर हा एक वेगळा कसब असलेला प्रकार आहे. धडा लहान लहान तुकड्यांत तोडलेला. प्रत्येक तुकड्यानंतर 'आपली प्रगती तपासा' म्हणून दोन-चार प्रश्न आणि खाली उत्तरासाठी रिकाम्या रेघा. लेखक वाचणाऱ्याशी बोलतो आहे अशी भाषा. योजना अशी की शिकणाऱ्याने घरी वाचावे, रेघा भराव्यात, अडेल ते घेऊन रविवारी यावे आणि केंद्रावर फक्त अडलेले सोडवावे.

माझ्यापुरते सांगतो, मी ते कधी केले नाही. पहिल्या रविवारी विचारले, "वाचून आलात?" निम्म्यांनी माना खाली घातल्या. एक कंडक्टर म्हणाला, "डबल ड्यूटी थी सर." मला दया आली, आणि दयेच्या पोटी मी खडू उचलून व्याख्यान दिले. पुढच्या रविवारी वाचून येणारे आणखी कमी झाले. साहजिक आहे. जे वाचून आले होते त्यांना वाचल्याचा फायदा काही झाला नाही, उलट तेच पुन्हा ऐकावे लागले. मी माझ्या हाताने त्या पुस्तकांतल्या रिकाम्या रेघा निरुपयोगी करून टाकल्या होत्या. हे मला कळायला तीस वर्षे लागली.

२०१८ च्या जूनमध्ये, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, कॉलेजात फर्मान निघाले की प्रत्येकाने एक तरी विषय 'फ्लिप्ड क्लासरूम' पद्धतीने शिकवावा. उलटा वर्ग. म्हणजे काय, तर जे वर्गात सांगायचे ते मुलांनी घरी ऐकून यायचे, आणि जो गृहपाठ घरी करायचा तो वर्गात, शिक्षकाच्या आणि सोबत्यांच्या साक्षीने करायचा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क या गावी जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक २००७ मध्ये गैरहजर मुलांसाठी पाठ चित्रित करू लागले आणि त्यातून हे नाव पुढे रूढ झाले. मी मनात हसलो. शिपाई आणि कंडक्टर आपल्याकडे हे १९८५ पासून करत होते. निदान करायला तयार होते.

मी उत्साहाने कामाला लागलो. भाच्याचा मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, मागे फळा, आणि द्विनोंदी पद्धतीवर बेचाळीस मिनिटांचा पाठ एका दमात चित्रित केला. पाचोलीचे १४९४ चे व्हेनिसमध्ये छापलेले पुस्तक, नावे-जमेचे तीन नियम, उदाहरणे, सारांश, सगळे त्यात होते. चित्रीकरणाच्या दिवशी उड्डाणपुलासाठी रस्ता खणत होते, म्हणून खिडक्या बंद. मी घामाने निथळलो. पाठ अपलोड झाला, मुलांना कळवले. वर्गात मुले त्रेसष्ट. आठवड्याने भाच्याने आकडा पाहून सांगितले, "मामा, अकरा जणांनी पाहिलाय." त्या अकरांत चार वेळा मी होतो, एकदा मामी.

तेव्हाच कुठेतरी शोधायला हवे होते. पुढे शोधले. फिलिप गुओ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये इंटरनेटवरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख वेळा पाहिल्याच्या नोंदी तपासल्या होत्या. पाठ कितीही लांब असो, माणूस सहा मिनिटांच्या आसपास सुटतो, असे त्यांना आढळले. माझे बेचाळीस म्हणजे सात पाठ एकावर एक रचलेले. पण लांबी हे अर्धेच दुखणे होते. माझ्या पाठात मी काहीच शिल्लक ठेवले नव्हते. प्रश्न मीच विचारला, उत्तरही मीच दिले, सारांशही काढून दिला. तो पाहून वर्गात येणाऱ्या मुलाला येण्याचे कारण काय?

मी मात्र तेव्हा दोष मुलांवर टाकला. वर्गात एकेकाला उभे करून विचारू लागलो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला विचारले, "पाठ बघितलास?" ती म्हणाली, "हौ सार." मग विचारले, "दुसरा नियम सांग." तिला येईना. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "न येणं चालेल. खोटं चालणार नाही." ती तासभर उभी राहिली. बस म्हणायचे मी विसरलो, असे मी नंतर स्वतःला सांगितले. विसरलो नव्हतो.

तास संपल्यावर तिच्या मैत्रिणीने जिन्यात गाठून सांगितले की तिच्या घरी एकच मोबाइल आहे, तो वडिलांबरोबर ऑटोत फिरतो आणि रात्री अकराला घरी येतो. तोवर त्यातला त्या दिवसाचा डेटा संपलेला असतो.

त्या रात्री आप्पांची चिठ्ठ्यांची पुडकी आठवली. त्यांनी मला घरी द्यायचे ते किती थोडे दिले होते! आणि नेमके काय रोखून धरले होते!

त्यानंतरचे दोन महिने मी मजकूर कापत होतो. लिहिण्यापेक्षा कापणे अवघड असते, हे संपादक मंडळींना ठाऊक असेलच. चित्रफीत टाकून दिली. तिच्या जागी अर्धा कागद आला, झेरॉक्स केलेला, एका बाजूला छापलेला. सोबत पाच मिनिटांचा आवाज, ज्याला शक्य असेल त्याने ऐकावा; न ऐकणाऱ्याचे कागदावाचून काही अडू नये. हे ठरवून केले. मुंबईच्या आयआयटीतले शिक्षण-तंत्रज्ञानाचे प्राध्यापक साहना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांच्या पद्धतीत एक फार चांगली युक्ती वाचली होती. पाठाच्या मध्येच शिक्षक प्रश्न विचारतो, म्हणतो, आता थांबा, उत्तर लिहा, मग पुढे ऐका. मी ती उचलली आणि थोडी बिघडवली. माझ्या आवाजात प्रश्नानंतर 'पुढे ऐका' नव्हतेच. प्रश्नावरच आवाज संपत असे.

भाषेचाही प्रश्न होता. पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. पण 'डेबिट' म्हणजे काय, असे मुलांना कागदावर लिहायला सांगितले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी लिहिले, 'पैसे कट होणे.' बँकेचा मोबाइलवर संदेश येतो ना, 'युवर अकाउंट इज डेबिटेड', त्यावरून. म्हणजे डेबिट वाईट, क्रेडिट चांगले. या एका समजुतीवर माझी चौतीस वर्षांची व्याख्याने घसरून पडत होती आणि मला पत्ता नव्हता. आपल्या सीमाभागातल्या घरांत हे रोज घडते. पोरगे 'उधारी' या शब्दाचा अर्थ पाचव्या वर्षी जाणते, पण 'क्रेडिटर' हा शब्द त्या उधारीचाच आहे हे त्याला बी.कॉम. झाल्यावरही कोणी सांगितलेले नसते. म्हणून कागद इंग्रजीत ठेवला तरी आवाज मी आमच्या गल्लीच्या भाषेत केला: तेलुगू, दखनी, इंग्रजी, आणि मधूनच माझी सवयीची मराठी. मुले त्यालाही हसत. हसू द्यावे. हसणारा ऐकत तरी असतो.

पहिल्या अर्ध्या कागदावर एवढेच होते: 'तुम्ही बँकेत पाचशे रुपये भरलेत. तुमच्या वहीत बँकेचे खाते डेबिट होते, असे पुस्तक सांगते. बँकेचे पासबुक त्याच पाचशेला क्रेडिट म्हणते. दोघांपैकी चुकतो कोण?' खाली चार पर्याय: पुस्तक, बँक, दोघेही, कोणीच नाही.

वर्गात मी मताला रंगीत कार्डे वापरली, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. हार्वर्डचे एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९१ च्या सुमारास याच वळणावर आले होते. त्यांची मुले अवघड गणिते सोडवत, पण साध्या समजुतीच्या प्रश्नाला अडखळत. त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायला, मते घ्यायला आणि मग शेजाऱ्याला पटवा असे सांगायला सुरुवात केली. ढोबळ ठोकताळा असा, की तीस टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर शिक्षकाने पुन्हा समजवावे, सत्तरच्या वर असतील तर पुढे जावे, आणि मधल्या पट्ट्यात असतील तर तोंड मिटून मुलांना भांडू द्यावे. माझ्या वर्गात त्या दिवशी 'कोणीच नाही' हे कार्ड तिसाहून थोड्या अधिक जणांनी उचलले. मग जे भांडण झाले तसे त्या खोलीत कधी झाले नव्हते. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील किराणा चालवतात, ओरडला, "अरे पासबुक अपना नै है रे! बँकवाले के बही का अपना पन्ना है वो!"

हेच ते. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतले आपले पान. आपण ज्याला देतो तो आपल्या वहीत नावे पडतो, आणि त्याच्या वहीत आपण जमा. वही कुणाची, हे आधी विचारावे. मी हे गेली चौतीस वर्षे दर जुलैत सांगत होतो. त्या मुलाने एका वाक्यात सांगितले, आणि बासष्ट जणांना ते कळले.

मला चढली. यश वाईट असते या वयात. वाटले, आता घरालाच पाठ्यपुस्तक करू. पुढचा अर्धा कागद असा: 'तुमच्या घरातला एक खरा व्यवहार लिहून आणा. कोणी दिले, कोणी घेतले, किती. नाव लिहू नका.' कागदांचा ढीग आला. दूध, किराणा, ऑटोचे पेट्रोल, गल्लीतली चिट्टी, कॉलेजची फी, बोनालूला घेतलेली साडी. त्यातला एक कागद मला फार आवडला. रोजच्या वसुलीच्या फायनान्सचा व्यवहार होता. कर्ज दहा हजार, रोज शंभर, शंभर दिवस. हातात मिळालेले साडेआठ हजार. मी तो कागद हातात धरूनच फळ्यावर उतरवला. व्याजाचा दर काढायला लावला. साधे गणित नाही ते, कारण मुद्दल रोज कमी होत जाते. दर वर्षाला शेकडा १२० च्या घरात निघाला. मी रंगात आलो होतो. पुढच्या बाकावरून एक जण हसून म्हणाला, "इत्ता पागल कौन है रे?" वर्ग हसला. मीही हसलो.

कागदाच्या कडेला गुलाबी फुलांची नक्षी होती. तसल्या पानांची वही वर्गात एकीकडेच होती, आणि ते माझ्याखेरीज सर्वांना माहीत होते.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी मी पत्ता काढून गेलो. गोलनाक्याच्या पुढे मूसीच्या बाजूला उतरणाऱ्या गल्ल्या आहेत, त्यांतल्या एकीत घर. आई दारातच शिलाई यंत्रावर साड्यांना फॉल लावत होती. मुलगी आत होती, बाहेर आली नाही. मी तेलुगूत माफीची वाक्ये जुळवून नेली होती. "अम्मा, नादे तप्पु," एवढे म्हणालो, चूक माझीच आहे, आणि पुढचे विसरलो. बाईंनी यंत्र थांबवले नाही. थोड्या वेळाने धागा तोडत माझ्या सोयीसाठी दखनीत म्हणाल्या, "पंधरा सौ पैलेच काट लेते सर. वो लिखे क्या तुम?"

लिहिले होते. पण कसे? फळ्यावर मी आधी 'रोख दहा हजार' असे लिहिले होते, आणि मग खालच्या ओळीत दुरुस्ती केली होती. बाईंच्या हिशेबात दहा हजार रोख कधी आलेच नव्हते. रोख साडेआठ, व्याज दीड, देणे दहा. त्यांची नोंद माझ्यापेक्षा शुद्ध होती. मी तसे बोलून दाखवले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पैले अपना खाता बताओ सर, बाद में बच्च्यों का पूछो."

चहा दिला त्यांनी. मी प्यालो आणि आलो.

माझे खाते म्हणजे काय दाखवायचे? पगाराची पावती? घरी येऊन माळ्यावरची ट्रंक उतरवली. १९९६ मध्ये आप्पा गेल्यापासून ती उघडली नव्हती. बेगमबाजारातले ते दुकान बंद झाले तेव्हा शेठ जुन्या वह्या रद्दीत घालत होते. आप्पांनी त्यांतली एक मागून आणली होती. का, ते कुणाला सांगितले नव्हते. शेठ मारवाडी, पण लिहिणारे आप्पा, त्यामुळे सारे देवनागरीत. घड्या पाडून केलेले रकाने, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आपली देशी वही इंग्रजी खात्याच्या उलट बाजूंची असते. मुलांना दाखवायला हे बरे, अशा हिशेबी विचाराने मी पाने उलटत होतो.

१९७६ च्या जुलैच्या सुमाराला एक खाते लागले, खुद्द आप्पांच्या नावाचे. उजवीकडे: नावे रुपये २१०, चिरंजीवांचे कॉलेज फीपोटी. डावीकडे दरमहा पंधरा रुपये जमा, पगारातून. चौदा ओळी. अक्षर त्यांचेच. आपले कर्ज त्यांनी आपल्याच हाताने, इतर कोणाचेही लिहावे तसे, खाडाखोड न करता लिहिले होते. मला त्या वेळी विचारल्याचे आठवते, "फीचं कसं?" ते म्हणाले होते, "फीचं झालं." आणि मी समजलो होतो की झाले.

सौभाग्यवती, हे तुमच्या प्रश्नाचे उत्तर.

त्या पानाची झेरॉक्स काढून तोच अर्धा कागद केला. या वेळी आवाजही दिला नाही. खाली दोन ओळी लिहिल्या: 'हे माझ्या वडिलांचे खाते आहे. ते मुनीम होते, हे त्यांनीच लिहिले आहे. दुकानाच्या वहीत ते नावे आहेत; मग त्यांच्या स्वतःच्या वहीत दुकान कुठे असेल?' कागद मैत्रिणीबरोबर त्या गल्लीतही पाठवला.

ती आली. मागच्या बाकावर बसली. त्या दिवशी मी काही शिकवले नाही, मुले एकमेकांना समजावत होती, मराठी अक्षर हिंदीसारखे वाचत होती, 'चिरंजीव' म्हणजे काय ते विचारत होती. पंधरा गुणिले चौदा करून खाते फिटले का ते पाहत होती. फिटले होते. कुणीतरी विचारले, व्याज का नाही लावले? मलाही माहीत नव्हते. शेठ भले असतील, किंवा लिहिणाऱ्याने लावू दिले नसेल.

मग मागून तिने हात वर केला. "जमा, सार. त्यांच्या वहीत दुकान जमा येणार." बरोबर होते. मी मान हलवली. ती खाली बसली नाही. म्हणाली, "आणि ती वही कुठं आहे? त्यांची स्वतःची?"

"नव्हती," मी म्हणालो. दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या घरी स्वतःची वही नव्हती, हे मलाही त्या क्षणीच लक्षात आले.

ती पुढे आली आणि माझ्या हातातून खडू घेतला. फळ्याच्या डावीकडे 'जमा' लिहिले, आप्पांच्या रीतीने, इंग्रजी रीतीने नव्हे. त्याखाली: शेठ, २१०. मग मागे वळून वर्गाला विचारू लागली, उजवीकडे काय येईल? फी हा खर्च की आणखी काही? दोन तट पडले. एका बाजूला किराणावाल्याचा मुलगा, तो म्हणे, खर्चच, दुसरे काय. घंटा झाली तरी कोणी उठेना. पुढच्या तासाच्या इंग्रजीच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि फळ्याकडे बघून विचारू लागल्या, हे कोणाचे खाते? मुलांनी त्यांना काय सांगितले ते मला कळले नाही. मी तोवर जिना उतरलो होतो.